रागाच्या भरात घेतलेली कसम, आईचे कठोर बोल आणि घरी परतण्याचा प्रश्न

व अलैकुमुस्सलाम. तुमच्या प्रश्नातला प्रसंग आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. वडिलांच्या पश्चात रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराच्या वाटणीवरून ईदच्या दुसऱ्या दिवशी तुमचे थोरल्या भावाशी कडाक्याचे भांडण झाले. आई त्याचीच बाजू घेते आहे असे वाटून तुम्ही म्हणालात, "अल्लाहची कसम, या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही, इथलं पाणीसुद्धा मला हराम." त्यावर आईच्या तोंडून गेले, "तुझं कधी भलं होणार नाही, मी दूध बख्शणार नाही, माझ्या मयतीलाही येऊ नकोस." निघताना तुम्ही पत्नीलाही बजावलेत, "तू तिकडे गेलीस तर आपला संबंध राहणार नाही." आता आई आजारी आहे आणि वहिनींनी फोन करून बोलावले आहे. पण कुणी तुम्हाला सांगते की कसम मोडणे महापाप आहे, आणि कुणी सांगते की आईने बददुआ (शाप) दिलेल्या मुलाची नमाजदेखील कबूल होत नाही. तुम्ही शाफई आहात, पत्नीचे माहेर हनफी आहे (हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन मजहब, म्हणजे विचारपंथ), आणि कुणाचे ऐकावे हे तुम्हाला कळेनासे झाले आहे.

उत्तराचा गाभा आधी सांगतो, कारण आजारी माणूस आपल्या शंका फिटेपर्यंत थांबत नाही. तुम्ही आईकडे जा, आणि शक्य तितक्या लवकर जा. तुमची कसम तुम्हाला अडवत नाही. उलट, त्या कसमेचे निमित्त करून न जाणे हाच या सगळ्यातला मोठा गुनाह ठरेल. पुढचे सविस्तर विवेचन वाचून मग निघायचे, असे मात्र करू नका. ते प्रवासातही वाचता येईल.

कसमेच्या बाबतीत कुरआनची भूमिका सूरह बकराच्या 224व्या आयतीत स्पष्ट आहे. भलाई करणे, अल्लाहचे भय बाळगणे आणि लोकांमध्ये समेट घडवणे यांच्या आड आपल्या कसमांसाठी अल्लाहचे नाव आणू नका, असे तिथे बजावले आहे. रागाच्या भरात अल्लाहचे नाव घेऊन एखादे चांगले काम स्वतःवर बंद करायचे आणि पुढे त्याच नावाचा आदर राखतो आहोत असे समजून ते बंदच ठेवायचे, ही धर्मनिष्ठा नव्हे. प्रेषित मुहंमद (स.) यांचा यावरचा आदेश सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहात) आहे: एखाद्याने कसम घेतली आणि नंतर त्याहून चांगली गोष्ट त्याच्या लक्षात आली, तर त्याने ती चांगली गोष्ट करावी आणि कसमेचा कफ्फारा (मोडलेल्या कसमेची धर्माने ठरवलेली भरपाई) द्यावा. आजारी आईला भेटणे हे न भेटण्यापेक्षा चांगले आहे की नाही, यावर कोणत्याही मजहबात दोन मते नाहीत.

तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल असा प्रसंग प्रेषितांचे निकटचे साथी आणि पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्या घरातला आहे, आणि तो त्यांचे पुत्र अब्दुर्रहमान यांनीच सांगितला असून सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. मस्जिद-ए-नबवीच्या सुफ्फ्यावर (छपराखालच्या ओट्यावर) राहणाऱ्या गरिबांपैकी काही जणांना अबू बकर (रजि.) यांनी आपल्या घरी जेवायला आणले. ते स्वतः प्रेषितांकडे थांबले आणि रात्री उशिरा परतले. घरी येऊन पाहतात तो पाहुणे उपाशीच; यजमान आल्याशिवाय जेवणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. अब्दुर्रहमान बिचारे बापाच्या रागाला भिऊन लपून बसले होते. अबू बकर (रजि.) यांनी त्यांना कठोर शब्द सुनावले, मूर्ख म्हटले, आणि रागाने कसम घेतली की हे अन्न मी खाणारच नाही. त्यावर पाहुण्यांनीही कसम घेतली की तुम्ही खाल्ले नाही तर आम्हीही खाणार नाही. घरात शिजलेले अन्न तसेच पडून, पाहुणे उपाशी, मुलगा हिरमुसलेला, आणि सगळे आपापल्या कसमेत अडकलेले, अशी ती रात्र होती. मग अबू बकर (रजि.) यांनीच पहिला घास घेतला आणि म्हणाले की ती मघाची कसम सैतानाकडून होती. त्यानंतर सगळे जेवले, आणि त्या अन्नात एवढी बरकत झाली की त्यांच्या पत्नी उम्म रूमान (रजि.) म्हणाल्या, आधी होते त्याच्या तिप्पट दिसते आहे. सकाळी त्यांनी प्रेषितांना सांगितले की पाहुण्यांनी आपली कसम पाळली आणि मी माझी मोडली. तेव्हा प्रेषितांनी त्यांना दोष दिला नाही, उलट तुम्हीच त्यांच्यात अधिक नेक आणि उत्तम आहात असे म्हटले.

या प्रसंगात तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक तर उम्मतीतल्या (मुस्लिम समुदायातल्या) सर्वांत आदरणीय माणसाच्या घरातही राग येत होता आणि नको ते शब्द तोंडातून जात होते. दुसरे म्हणजे त्यांनी आपली कसम रात्रभरदेखील जपली नाही. मोठेपणा कसम पाळण्यात नव्हता, पहिला घास घेण्यात होता, आणि तो घरातल्या कर्त्या माणसाने घेतला.

तुम्ही म्हणाल की तिथे चूक कुणाचीच नव्हती, आणि इथे तर भावाने खरोखर अन्याय केला आहे. मग हजरत मिस्तह यांचा प्रसंग पाहा. मिस्तह हे अबू बकर (रजि.) यांच्या मावसबहिणीचे पुत्र, गरीब मुहाजिर (मक्केहून मदिनेला स्थलांतर केलेले), आणि त्यांचा खर्च अबू बकरच चालवत. अबू बकर यांची कन्या आणि प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर खोटा आळ घेतला गेला तेव्हा तो पसरवणाऱ्यांत हे मिस्तहही सापडले. ज्याला पोसले त्याने आपल्या लेकीची अब्रू उधळावी, याहून मोठा अपराध नात्यात कोणता असणार? अबू बकर (रजि.) यांनी कसम घेतली की यापुढे त्याला काही देणार नाही. तेव्हा सूरह नूरची 22वी आयत उतरली: ज्यांना अल्लाहने मान आणि ऐपत दिली आहे त्यांनी नातेवाइकांना आणि गरजूंना न देण्याची कसम घेऊ नये, माफ करावे, दुर्लक्ष करावे, अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही का? अबू बकर (रजि.) म्हणाले, अल्लाहची कसम, मला वाटते, आणि मदत पुन्हा सुरू केली. समोरच्याचा अपराध खरा होता, सिद्ध होता, तरीही नाते तोडणारी कसम कायम ठेवायला कुरआनने परवानगी दिली नाही. तुमच्या भावाचा अपराध याहून मोठा असेल असे मला वाटत नाही.

आता कफ्फाऱ्याचा हिशोब. सूरह माइदाच्या 89व्या आयतीप्रमाणे दहा गरिबांना आपल्या घरी जेवतो तसे मध्यम प्रतीचे जेवण द्यायचे किंवा त्यांना कपडे द्यायचे, आणि यांपैकी काहीच परवडत नसेल तरच तीन रोजे धरायचे. (गुलामाला मुक्त करण्याचा पर्याय आज उरलेला नाही.) तीन रोजे धरले की काम झाले असे आपल्याकडे सरसकट समजले जाते, ते चुकीचे आहे, पगारदार माणसाने ऐपत असताना रोजे धरले तर कफ्फारा फिटत नाही. शाफई मताप्रमाणे दहा वेगवेगळ्या गरिबांना प्रत्येकी एक मुद (धान्याचे जुने अरबी माप) धान्य, म्हणजे कोकणात अर्थातच तांदूळ, त्यांच्या हातात द्यावे लागते. मुदाचे माप वजनात थोडे मागेपुढे सांगितले जाते, म्हणून दर माणशी पाऊण किलो द्या, म्हणजे शंका राहणार नाही. दहा जणांचे मिळून साडेसात किलो तांदूळ होतात. शाफई मतात रोख पैसे चालत नाहीत, आणि शिजवलेले जेवण वाढूनही भागत नाही. हनफी मतात मात्र दहा गरिबांना दोन वेळा पोटभर जेवू घातले तरी चालते, किंवा प्रत्येकी अर्धा साअ (हेही जुने माप) गहू अथवा त्याची किंमत देता येते. पत्नीच्या माहेरचे लोक तुम्हाला वेगळे सांगत असतील तर ते खोटे सांगत नाहीत. ते त्यांच्या मजहबाप्रमाणे सांगत आहेत. तुम्ही तुमच्याप्रमाणे वागा.

आणखी एक फरक तुमच्या सोयीचा आहे. हनफी मतात कसम मोडल्यानंतरच कफ्फारा देता येतो, तर शाफई मतात धान्याचा किंवा कपड्यांचा कफ्फारा आधी देऊन मग कसम मोडली तरी चालते, केवळ रोजे आधी धरता येत नाहीत. कसम मोडल्याची टोचणी मनात घेऊन उंबरा चढायचा नसेल, तर राहता तिथल्या जवळच्या मदरशातील दहा गरजू मुलांसाठी आजच तांदूळ देऊन निघा. गावी पोहोचल्यावर दिलेत तरी काही बिघडत नाही; पण कफ्फारा देणे बाकी आहे म्हणून जाणे लांबवू नका.

"इथलं पाणीसुद्धा मला हराम" या वाक्याने तुमच्या शाफई मताप्रमाणे काहीच होत नाही. अल्लाहने हलाल केलेले अन्नपाणी माणसाच्या बोलण्याने हराम होत नाही, आणि त्यावर वेगळा कफ्फाराही नाही. हनफी मतातही ते पाणी हराम होत नाही, पण तसे बोलणे कसमेसारखे धरले जाते आणि ते पाणी प्यायल्यास कफ्फारा लागतो. तुम्ही शाफई आहात, तेव्हा आईने पाणी पुढे केले तर निःशंक प्या. तिने पेला पुढे केला आणि तुम्ही हात मागे घेतलात, तर त्या घटकेला तिच्या मनाचे काय होईल याचा विचार करा.

आता आईच्या बोलांकडे येतो. इथे मला जरा थांबून लिहावेसे वाटते, कारण माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत माणसे कसमेच्या तपशिलाबद्दल बारकाईने विचारतात आणि आईबापांशी बोललेल्या शब्दांबद्दल मात्र ओझरते बोलून पुढे जातात. "दूध बख्शणार नाही" या वाक्याची आपल्याकडे विलक्षण दहशत आहे. शरीअतमध्ये त्याला आधार नाही. आईचे दूध हे मुलाच्या डोक्यावरचे कर्ज नव्हे, जे आईने माफ केल्याशिवाय कयामतीपर्यंत फिटणार नाही. ते त्या अर्भकाचे पोषण होते आणि सूरह बकराच्या 233व्या आयतीत त्याची व्यवस्था सांगितली आहे. "मयतीला येऊ नकोस" हेही बंधनकारक वसियत ठरत नाही. आईच्या जनाजाला मुलाने जाणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि रागातल्या एका वाक्याने ते संपत नाही. आणि बददुआ मिळालेल्या मुलाची नमाजच कबूल होत नाही, हे तुम्हाला ज्याने सांगितले त्याने तुम्हाला नमाजपासून दूर लोटण्याचे काम केले आहे.

बददुआ मात्र मी हलक्यावर नेणार नाही. आईबापांची दुआ मुलाच्या बाबतीत ऐकली जाते, हे हदीसींत आहे, आणि जुरैज नावाच्या इबादतगुजाराची गोष्ट बुखारी व मुस्लिममध्ये आहे: आईने हाक मारली, तो नमाजमध्ये होता, त्याने उत्तर दिले नाही, तिने दुखावून बददुआ केली आणि ती खरी ठरली. पण त्याच वेळी सूरह यूनुसच्या 11व्या आयतीत सांगितले आहे की माणसे भले मागण्याची जशी घाई करतात तशीच घाई अल्लाहने त्यांच्यावर वाईट आणण्यात केली असती, तर त्यांचा केव्हाच निकाल लागला असता. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांचे शिष्य मुजाहिद यांनी या आयतीचा अर्थ असाच लावला आहे की माणूस रागात स्वतःच्या मुलाबाळांना आणि मालमत्तेला शाप देतो, आणि अल्लाह आपल्या कृपेने तो लगेच स्वीकारत नाही. म्हणून घाबरून जाऊ नका, आणि निर्धास्तही राहू नका. आईकडे जाऊन तिच्याच तोंडून दुआ मागून घ्या.

वहिनींनी किंवा बहिणीने योग्य वेळ पाहून आईलाही एक हदीस सांगावी; तुम्ही स्वतः ती सांगू नका, कारण तुमच्या तोंडी ती उलट उत्तरासारखी वाटेल. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आले आहे की प्रेषितांनी स्वतःविरुद्ध, आपल्या मुलांविरुद्ध आणि आपल्या मालमत्तेविरुद्ध दुआ करण्यास मनाई केली, कारण ती घटका मागितलेले मिळण्याची असू शकते. आपल्या घरांत "मरो मेला", "वाटोळं होवो तुझं" हे शब्द इतके सहज उच्चारले जातात की ते बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाहीत, आणि मुलाच्या मनातून मात्र ते वर्षानुवर्षे जात नाहीत. हे मी आईला दोष देण्यासाठी म्हणत नाही. तिला आपल्या तोंडून गेलेले परत घ्यायचे असेल तर त्याला सोपा मार्ग आहे: तौबा करावी आणि त्याच मुलासाठी भल्याची दुआ करावी.

तुमच्या स्वतःच्या शब्दांचे काय? सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत आईबापांना "उफ"सुद्धा म्हणू नका आणि त्यांना झिडकारू नका, असा आदेश आहे, आणि तुम्ही तर त्यांच्या घराचे पाणी नाकारून निघालात. या गुनाहाला साडेसात किलो तांदळाचा कफ्फारा नाही. तो अल्लाहपुढे तौबा करून आणि आईपुढे माफी मागूनच फिटेल. मात्र त्याच सूरहची 25वी आयत तुम्ही मनाशी धरून ठेवा: तुमच्या मनात काय आहे ते तुमचा रब चांगले जाणतो, तुम्ही नेक असाल तर परतून येणाऱ्यांना तो क्षमा करणारा आहे. ताबिईंपैकी (प्रेषितांच्या साथीदारांनंतरच्या पिढीपैकी) सईद बिन जुबैर यांनी ही आयत अशा माणसाबद्दल असल्याचे सांगितले आहे, ज्याच्या तोंडून आईबापांना उद्देशून एखादा शब्द निसटला पण मनात त्यांचे वाईट चिंतले नव्हते. तुमचा प्रश्न वाचून मला वाटते की तुम्ही त्यांच्यातलेच आहात.

पत्नीला उद्देशून बोललेल्या वाक्याचा निकाल मी इथे लेखी देणार नाही. "संबंध राहणार नाही" हे तलाकचे स्पष्ट शब्द नाहीत, आणि शाफई मतात अशा अप्रत्यक्ष शब्दांनी तलाकचा हेतू असल्याशिवाय तलाक होत नाही. हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) काही अप्रत्यक्ष शब्दांच्या बाबतीत रागाचा प्रसंगही विचारात घेतला जातो. रागाच्याही पायऱ्या आहेत. इब्न कय्यिम या जुन्या विद्वानांनी त्या तीन सांगितल्या आहेत: माणूस भानावर असतो तो राग, आपण काय बोलतो हेच कळत नाही इतका टोकाचा राग, आणि या दोहोंमधला. पहिल्यात शब्द धरले जातात, दुसऱ्यात धरले जात नाहीत, आणि तिसऱ्याबद्दल विद्वानांत मतभेद आहे. म्हणून जवळच्या जाणत्या मुफ्तींकडे जाऊन नेमके शब्द आणि त्या क्षणीचा तुमचा हेतू प्रामाणिकपणे सांगा. जवळ शाफई आलिम असतील तर उत्तम. तोवर पत्नीने त्या घरी जाऊ नये, आणि म्हणूनच या भेटीला तुम्ही एकटेच जा. एका दमात तीन तलाक देणे 2019च्या कायद्याने भारतात निरर्थक आणि दंडनीय आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण अटी घालून बायकोला धमकावणे हेही संसाराच्या मुळावर येते, आणि आपला राग भावावरचा असताना अट मात्र बायकोवर घालायची यात कसला न्याय आहे, हे तुम्हीच स्वतःला विचारा.

घरी पोहोचल्यावर भावाला पहिला सलाम तुम्ही करा. तीन रात्रींहून अधिक अबोला धरणे हलाल नाही आणि दोघांत उत्तम तो जो सलामाने सुरुवात करतो, ही हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. आईपुढे बसून फक्त "मी चुकलो, मला माफ कर" एवढेच म्हणा. त्या वाक्याला "पण भाऊ" असे शेपूट जोडू नका. पुन्हा शब्दाला शब्द वाढू लागला तर प्रेषितांनी सांगितल्याप्रमाणे गप्प राहा, उभे असाल तर बसा, तरीही राग शमला नाही तर आडवे व्हा. वहिनींना माझा निरोप सांगा: समेटासाठी एकाचे चांगले शब्द दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारा खोटारडा नव्हे, असे प्रेषितांनी म्हटले आहे, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंचे गोड तेवढे पोहोचवावे आणि कडू आपल्यापाशीच ठेवावे.

वाटणीचा विषय त्या भेटीत काढू नका. आईला भेटायला जाणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे, आणि माफी मागितल्याने तुमचा हिस्साही कमी होत नाही. भावाने रागात तुम्हाला "तुझा या घराशी संबंध नाही" म्हटले असेल तरी त्याने वारसा तुटत नाही. बापाने मुलाला आक केल्याची (वारशातून बेदखल केल्याची) जाहिरात पेपरात दिली तरीही शरीअतच्या दृष्टीने तो वारसच राहतो. मात्र तुमच्या संपूर्ण मजकुरात बहिणीच्या वाट्याचा एका शब्दाने उल्लेख नाही, हे मला खटकले. दोन भाऊ घरासाठी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत आणि बहिणीकडून मात्र हक्कसोडपत्रावर सही घेऊन मोकळे होतात, असे आपल्या भागात फार घडते. तुमच्या वडिलांचे आईवडील आधीच वारलेले असतील, आणि मागे आई, तुम्ही दोघे भाऊ व एक बहीण एवढेच वारस असतील, तर कर्ज आणि वसियत (मृत्युपत्राने दिलेला भाग) वजा जाता मालमत्तेचे 40 भाग करावेत: आईला 5, प्रत्येक भावाला 14 आणि बहिणीला 7. यात काही वारस वाढत असतील तर तसे कळवा, मी हिस्से पुन्हा मांडून देईन.